दोन डाव्या बाह्या

ज्येष्ठ व. ४, शके १८६८. धाराशिव.

वकीलसाहेबांची लीलाताई आज स्वतः दुकानात आली. सोबत तिच्या आत्याबाई. ताई डॉक्टरीण झाल्याचं माहीत होतंच. आता बाळंतपणाचं पुढचं शिकायला विलायतेला निघालीय. भादव्यात मुंबईहून बोट. आपल्या गावची बाई समुद्रावर!

आधी गेलेल्या मैत्रिणीचं पत्र वाचून दाखवलं. लढाई संपली तरी बोटी खच्चून भरलेल्या. एका खोलीत चौघीजणी. बिछान्याखाली सरकंल एवढीच पेटी जवळ ठेवायची, बाकी सामान बोटीच्या तळाशी. ते उतरेपर्यंत हाताला लागत नाही. एडनच्या पुढंपर्यंत अंगावर कापड नको वाटतं असा उकाडा, नंतर चार दिवसांत दात वाजतील अशी थंडी. परीट नाही, इस्त्री नाही. म्हणजे त्या एका पेटीत उन्हाळाही बसवायचा आणि हिवाळाही.

ताई म्हणाली, "आत्यानं बावीस पातळं काढून ठेवलीत, मास्तर. काय न्यावं, काय शिवावं, तुम्हीच सांगा. तुम्ही हैदराबादेत इंग्रजी कोट कापलेत."

मी म्हणालो, "बेफिकीर राहा ताई."

हैदराबादेत मी काय केलं ते मला ठाऊक. आठ महिने काजं केली, बटणं लावली, इस्त्री मारली. कात्रीला हात लावू दिला नाही कुणी. परत आल्यावर पाटीवर 'हैदराबादवाले' लिहून घेतलं त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गरम कोट शिवायला कुणी आणला नाही म्हणून निभावलं.

ज्येष्ठ व. ५

सकाळपासून वहीत मांडतोय. पातळं इतकी, पोलकी इतकी, परकर इतके. पेटी भरून वाहते. शेवटी चिडून पेन्सिल टाकली.

माझी बायको गोदा सुपात जोंधळे निवडत होती. म्हणाली, "आमच्या बाबांचं गाठुडं आठवा की."

तिचे वडील, जळकोटचे मामा, फिरते शिंपी. जन्मभर यात्रा-बाजार केले. चोळ्या, टोपडी, कुंच्या खांद्यावर, आणि स्वतःचे कपडे त्यातल्याच एका कोपऱ्यात. गो. लहानपणी त्यांच्यासंगं हिंडलेली. म्हणते, "बाबा म्हनायचे, ज्या कापडानं तीन कामं होत न्हाईत त्यानं घरीच बसावं."

मग जोंधळे तसेच टाकून बोलत सुटली. पातळं सहाच. सुती एकच, बाकी हलकी रेशमी, धुऊन दांडीवर टाकली की सकाळी कोरडी. सहाच्या सहा अशी निवडायची की कोणतंही पोलकं कशावरही जावं. पोलकी तीनच, पण दोन्ही बाजूंनी घालता येतील अशी. एक बाजू काळी, दुसरी डाळिंबी. म्हणजे झाली सहा. परकराला आतून चोरखिसा, कागदपत्रांसाठी. आणि कोट बिनअस्तराचा. अस्तर वेगळं, रुई भरलेलं, आतून बटणावर लावायचं. उकाड्यात कोट नुसता. गारठ्यात अस्तरासकट. आणि खोलीत बसताना नुसतं अस्तर बंडीसारखं घालावं.

"आनि घड्या घालायच्या न्हाईत," म्हणाली. "गुंडाळायचं. भाकरीच्या फडक्यावानी. चुरगाळत न्हाई, जागा बी कमी."

मी तोंडाकडं बघत राहिलो. मग वहीत उतरून घेतलं. माझ्या अक्षरात.

ज्येष्ठ व. ८

वकीलसाहेबांच्या घरी गेलो. वही उघडून एकेक सांगितलं. आत्याबाई पैठणीसाठी भांडल्या. "बोटीवर चार बड्या बायका असणार. कुणाच्या घरची म्हणून ओळखायचं हिला?" वकीलसाहेब म्हणाले, "आक्का, पैठणीला वेगळं तिकीट काढावं लागंल." आत्याबाई रुसल्या.

दुतोंडी पोलक्याचं ऐकून लीलाताईनं टाळी वाजवली. "मास्तर, किती विचार केलात हो!"

मी हसलो. अशा वेळचं हसणं म्हणजे होकारच.

घरी गो.नं विचारलं, "काय म्हनल्या?"

"चांगलं म्हणाल्या."

ती लई खूष झाली. शेवयाची खीर केली. मी वाटीभर खाल्ली.

आषाढ शु. २

तिन्ही पोलकी झाली. शिवण गो.ची. दोन्ही बाजूंनी टीप कुठं दिसत नाही. हे माझ्यानं झालं नसतं, इथं लिहायला काय हरकत.

कोटाचं कापड आलं. लीलाताईच्या मामानं पुण्याहून धाडलं. गडद निळी लोकरी बनात, एका अंगाला मऊ लव. साडेतीन वार. सरकारी कंट्रोलमुळं एवढंच मिळालं, याउपर एक चिंधीही मिळणार नाही असं चिठ्ठीत. कापडावर हात फिरवला तर हात बाजूला घ्यावासा वाटंना.

आषाढ शु. ३

गो. म्हणाली, "आदी मांजरपाटावर कापून बघू. जुनी चादर हाय."

मी म्हणालो, "तू मला शिकवू नकोस."

हैदराबादेतलं खरं हिला एकटीलाच माहीत. एकदा तापात मीच बरळलो होतो. तेव्हापासून तिनं कधी तो विषय काढला नाही. आजही काढला नाही. पण तिनं चादर काढून फळीवर ठेवली तेवढ्यानं मला राग आला.

आषाढ शु. ४

गो. पाण्याला गेली तेवढ्यात कापला. ती यायच्या आत संपवायचा होता.

पाठ बरोबर आली. पुढचे दोन्ही भाग बरोबर. हुरूप आला. कापड कमी पडतंय असं वाटून बाह्यांचं कापड दुमडलं नाही, एकेरीच टाकलं. कागदाचा नमुना ठेवून एक बाही कापली. तोच नमुना सरकवून दुसरी. नमुना उलटा करायचा असतो. पोराटोराला कळतं.

कापड जोडून बघितलं. दोन्ही बाह्या डाव्या. उलटी करून लावावी तर लव आत जाते, वर बोडकी बाजू येते. उरलेलं कापड वीतभर.

गो. घागर उतरवून आली. बघितलं. म्हणाली, "दोन्ही डाव्या."

मी तुकडे गोळा करायला लागलो.

"सांगून टाका ताईंस्नी. मान्साचंच चुकतंय. काय तरी काढू यातनं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आषाढ शु. ५

दुकान बंद. पोटात दुखतंय असं शेजारच्या शिवलिंगअप्पा वाण्यांना सांगितलं. त्यांनी ओवा दिला.

आषाढ शु. ७

आज जे केलं ते लिहावं का नाही, सकाळपासून ठरत नव्हतं. लिहितो. दुसरं कुणाला सांगणार.

लीलाताई आणि आत्याबाई अंगावर घालून बघायला आल्या. मी नुसतं धड दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, "बाह्या कुठं?" मी दोन्ही पुढं केल्या. आत्याबाईंचा जन्म लुगडी नेसण्यात गेला, पण त्यांनासुद्धा दिसलं. दोन्ही एकाच अंगाला वळलेल्या.

"हे काय, मास्तर? हैदराबादेत असं शिकवतात?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं. दारात शिवलिंगअप्पा. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि माझ्या तोंडून गेलं, "मी बाजारात गेलतो. मागं हिनं मदत म्हणून कात्री लावली."

आत गो. भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

आत्याबाई म्हणाल्या, "बायकांच्या हाती कात्री देता कशाला? एवढं मोलाचं कापड!"

लीलाताई म्हणाली, "असू दे आत्या," पण तिचंही तोंड उतरलं होतं.

मला वाटलं आता गो. बाहेर येईल. बोलेल. मीच मनात म्हणत होतो, ये, बोल. ती आली नाही. मग पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज आला.

जेवायला तिनं वाढलं. भाकरी नीट भाजलेली होती. एकही करपली नव्हती.

आषाढ शु. ८

गो. बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते. मीठ हवं का, हो. दिवा लावू का, लावा.

आषाढ शु. १०

दुपारी जेवण झाल्यावर गो.नं तुकडे सगळे खाली अंथरले. पाठ, पुढचे भाग, दोन बाह्या. स्वतःचं लुगडं सारखं करून पदर खांद्यावर घेतला आणि पाठीचा तुकडा वरून धरला. एक बाही हातावर गुंडाळून बघितली, काढली. मग म्हणाली. माझ्याशी नव्हे, कापडाशी बोलल्यागत.

"विलायतच्या बाईला पदर नस्तो. हिला हाय. पदरावर बाही चढवली तर आत बोळा व्हतो. बाही नकोच."

बाह्या कापून त्यांच्या पट्ट्या केल्या. लव सगळी खाली जाणारी ठेवली. खांद्यावरून कोपरापर्यंत येईल असा घेर जोडला. हात मोकळे, पदर आत सरळ बसतो, वारा लागत नाही. चुकलेल्या कापडाचा एक दोरा वाया गेला नाही.

"गोदा," म्हटलं.

"दोरा संपलाय निळा," म्हणाली. "आना."

आषाढ शु. १४

आत्याबाईंनी गावभर केलं. वेशीपासून निंबाळकर गल्लीपर्यंत सगळ्यांना माहीत. आडावर बायकांनी गो.ला नाव ठेवलं, डावी गोदा. मला शिवलिंगअप्पांनी सांगितलं, हसत हसत. मीही हसलो.

हसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आषाढ व. १

कुलकर्णीणबाईंनी चोळीचं कापड परत मागून नेलं. त्यांच्या चोळ्या चार वर्षं गो. शिवते. म्हणाल्या, सध्या घाई नाही. काल आणखी दोघींनी असंच. या बायका गो.च्या, माझ्या नव्हेत. मापं सगळी तिच्या डोक्यात, वहीत एकही नाही.

गो.नं कापडं नीट घडी करून दिली. त्यांना हळदीकुंकू लावलं.

आषाढ व. ३

लीलाताई पुन्हा आली. कोट घातला. आरसा लहान म्हणून दारात जाऊन उजेडात दोनदा गिरकी घेतली. पदर खालून नीट दिसत होता. अस्तर लावून बघितलं, काढून बघितलं.

"मास्तर! बिघडलेल्यातून हे काढलंत? हे डोकं तुमचंच. हैदराबादचा हात तो हैदराबादचाच."

गो. त्याच खोलीत होती. खाली बसून अस्तराला शेवटची काजं करत होती. माझ्यापासून दोन हातांवर.

मी म्हणालो, "सुचलं आपलं."

गो.नं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि आत गेली.

चोरी करणाऱ्याला निदान पोटाला नसतं. मला काय नव्हतं?

आषाढ व. ९

आज तिला म्हणालो, ताई गेल्यावर सगळं सांगतो मी लोकांना. ती म्हणाली, "का? आता सांगा की."

मी म्हणालो, गिऱ्हाईक तुटंल, पाटीवर विश्वास राहणार नाही, पोट कशावर भरायचं.

"माजी गिऱ्हाइकं तुटली न्हाईत व्हय?" एवढंच. मोठ्यानं नव्हे.

श्रावण शु. ३

गो.चा भाऊ सोपान पंचमीसाठी न्यायला आला. दरसाल येतो. दरसाल ती चार दिवस राहून परतते.

यंदा लुगडी तीन घेतली. आणि तिची कात्री. मी म्हणालो, "कात्री कशाला?" ती म्हणाली, "बाबांनी दिलेली हाय."

जाताना पाया पडली. सोपाननं ते बघितलं आणि माझ्याकडं प्रेमानं बघून हसला. त्याला काही ठाऊक नाही, हे त्या हसण्यावरून कळलं.

श्रावण शु. ५

पंचमी. शेजारणीनं पुरणाची दिंडं आणून दिली. घरात मी एकटाच.

श्रावण शु. १२

आली नाही.

श्रावण व. ६

जळकोटकडचा माणूस बाजाराला आला होता. गोदाक्का बरी हाय म्हणाला. तिथल्या बायकांची शिवणं घेते म्हणे, सकाळपासून बायकांची रीघ. मला म्हणाला, "लई गुणाची बायकू हाय तुमची." मी पान खायला दिलं त्याला.

पोळा

शेजारी बैलांच्या झुली शिवून घ्यायला आले. चार शिवल्या. एकीचं तोंड उलटं आलं. उसवली. पुन्हा शिवली. मदतीला कुणी नसताना मी किती वाईट शिंपी आहे ते या महिनाभरात कळालं.

भाद्रपद शु. ६

वकीलसाहेबांच्या घरून बोलावणं. पेटी भरायची, दशमीला निघायचं. गुंडाळायची रीत मास्तरांनीच सांगितलीय, मास्तरांनीच भरावी.

गेलो. सहा पातळं, पोलकी, परकर, कोट, अस्तर, सपाता, डॉक्टरी पुस्तकं दोन, आत्याबाईंची लोणच्याची बरणी. मी पातळ गुंडाळायला घेतलं. एका टोकाला जाड झालं, एका टोकाला बारीक, मध्येच सुटलं. दुसरं घेतलं. तसंच. गुंडाळायला काय लागतं असं वाटत होतं. हात किती आवळायचा, कुठं सैल सोडायचा, मला काय माहीत? मी फक्त वहीत लिहून घेतलं होतं.

पेटी भरली तर झाकण चार बोटं वर. गुडघा देऊन दाबलं. कडी लागंना. आत्याबाई म्हणाल्या, "बसा हो वर." मी पेटीवर बसलो. वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात, पेटीवर, घामानं ओला. लीलाताई समोर उभी.

"मास्तर, हे तुम्ही याआधी कधी केलेलं नाही," म्हणाली. हळू. आत्याबाई पाणी आणायला आत गेल्यावर.

मग सगळं सांगितलं. पेटीवर बसूनच. सहा पातळं गोदाची, दुतोंडी पोलकी गोदाची, अस्तर गोदाचं. दोन डाव्या बाह्या माझ्या. बिनबाहीचा कोट गोदाचा. हैदराबादेत मी काजं केली.

मला वाटलं ती म्हणेल, असू द्या मास्तर, कबूल केलंत हे मोठं. ती तसं काही म्हणाली नाही. तिचं तोंड लाल झालं.

"त्या दिवशी आत भाकरीचा आवाज थांबलेला मी ऐकला होता," म्हणाली. "तरी तुमचंच खरं धरलं. आणि आता मला सांगून काय होणार? मी चालले. ज्यांनी नाव ठेवलं ते सगळे इथंच राहणार. त्यांना सांगा."

मग तिनंच सगळं उपसून पुन्हा भरलं. पाच वेळा जमलं नाही. सहाव्यांदा कडी लागली. लोणच्याची बरणी बाहेर.

भाद्रपद शु. ७

सकाळी आत्याबाईंकडं गेलो. उभ्यानंच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळ्याला पदर लावला.

"मास्तर, बायकोचं पाप आपल्या माथ्यावर घ्यायला काळीज लागतं हो! ती रुसून माहेरी बसलीय म्हणून तुम्ही... असला नवरा मिळायला पुण्य लागतं."

म्हटलं, "आत्याबाई, देवाशपथ मीच कापलं."

"राहू द्या, राहू द्या. बाईमाणसाचं चुकायचंच."

भाद्रपद शु. ८

बाजाराचा दिवस. दुकानासमोर दहा-बारा माणसं होती, शिवलिंगअप्पा होते, त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगितलं. बाह्या मी कापल्या. हैदराबादेत मी काजं करत होतो.

शिवलिंगअप्पा उठून आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुम्ही देवमाणूस. पन अशानं बायकू डोक्यावर बसंल."

मी शिडी लावली आणि पाटी उतरवली. तर मागं कुणीतरी म्हणालं, बायको गेली म्हणून मास्तरानं धंद्यावरचं मन काढलं. दुपारपर्यंत दोघीजणी चोळ्यांची कापडं शिवायला घेऊन आल्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हळू आवाजात बोलत होत्या.

खोटं एकदाच बोललो, ते सगळ्यांनी लगेच घेतलं. खरं तीनदा बोललो. ताई सोडून कुणी घेत नाही. जितकं सांगतो तितका मी मोठा होतो आणि ती लहान. आता काय करावं?

भाद्रपद शु. १०

येडशीला गेलो, स्टेशनावर, लीलाताईला निरोप द्यायला. वकीलसाहेबांनी टांग्यात जागा दिली. इथून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. पेटी एकच. ताई एका हातानं उचलत होती. कोट हातावर.

स्टेशनमास्तरच्या बायकोनं कोटाचं कौतुक केलं. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या मास्तरांचं डोकं." लीलाताई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गोदाबाईंचं आहे ते, आत्या." आत्याबाई हसल्या, जशी लहान पोरीची समजूत काढावी.

गाडी सुटायच्या आधी ताईनं मला खिडकीशी बोलावलं.

"जळकोटला गेलात का?"

"नाही."

"का?"

गावात तीनदा कबूल केलं आणि जिचं वाटोळं केलं तिच्याकडंच गेलो नाही. लोकांसमोर उभं राहणं सोपं होतं. लोकांनी हार घातले.

"जा," म्हणाली. गाडी हलली. वकीलसाहेब रुमाल हलवत राहिले, गाडी दिसेनाशी झाली तरी.

भाद्रपद शु. १३. जळकोट.

तुळजापूर, नळदुर्ग करत मोटारीनं उतरलो. दुपार. रस्त्याकडच्या लिंबाखाली मामा हातशिलाई करत बसलेले. दोरा सुईत ओवायला आता जवळ धरावा लागतो त्यांना. "या, जावईबापू!" म्हणून उठले. सोपाननं पाय धुवायला पाणी दिलं. गो. ओसरीवर एका बाईचं माप घेत होती. मला बघितलं. हातातली दोरी खाली ठेवली नाही. माप पुरं केलं. मग पाणी आणून दिलं.

ती बाई गेल्यावर मी मामांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. घडी न घालता. बाह्या, आत्याबाई, डावी गोदा, 'सुचलं आपलं', सगळं.

मला वाटत होतं तिनं आल्याच दिवशी सांगितलं असणार. मामांच्या तोंडावरून कळलं, एक शब्द सांगितला नव्हता. त्यांना ती म्हणाली होती, धाराशिवात सध्या काम कमी हाय.

मामांनी सुई कापडात खोवली. कापड गुंडाळलं. उठले आणि मळ्याच्या वाटेनं निघून गेले. सोपान बापाच्या मागं गेला. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

ओसरीवर आम्ही दोघंच.

"कुनी सांगायला सांगितलं तुमाला हितं?" गो. म्हणाली. या सगळ्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला. "तिथं सांगायचं व्हतं ते हितं सांगितलं. हितं तरी माजा नवरा बरा व्हता."

मी म्हणालो, तिथंही सांगितलं. कुणी ऐकत नाही. उलट मलाच चांगलं म्हणतात.

तिनं मापाची दोरी गुंडाळून ठेवली. मग हसली. चांगलं हसू नव्हतं ते, पण रडूही नव्हतं. "बगा म्हंजे," म्हणाली. "तुमचं खोटं बी तुमच्या कामाला येतंय, आन् खरं बी."

मान खाली घालून बसलो. समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या. म्हणालो, चल घरी. पहिल्यांदा म्हणालो, हुकूम केल्यासारखं. मग दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा तसं नव्हतं.

तिनं हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. आत गेली.

मामा दिवेलागणीला आले. माझ्या पानाशेजारी न बसता दाराशी बसून जेवले. सोपान बैलांकडं. गो.नं मला वाढलं, सगळ्यांच्या आधी, पाव्हण्याला वाढतात तसं.

हे ओसरीवर कंदिलाशी लिहितोय. आत भांड्यांचा आवाज आहे. मघाशी ती दारात येऊन उभी राहिली. विचारलं, "मोटार कितीला?"

म्हटलं, "सकाळी."

"भाकरी बांधून देते," म्हणाली.

किती जणांच्या, ते बोलली नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.